तळी, नद्या आणि दरेकसाचा घाट: गोंदिया जिल्ह्यातले सायकलचे रस्ते

गोंदिया जिल्ह्यातले सायकलचे रस्ते समजून घ्यायचे तर आधी पाणी पाहावे लागते. वायव्येला आणि पश्चिमेला वैनगंगा, उत्तरेला मध्य प्रदेशाची हद्द आखत जाणारी बाघ, मधल्या भागात चुलबंद, दक्षिणेला गाढवी आणि गोंदिया शहराजवळून वाहणारी पांगोळी. या नद्यांच्या मध्ये शेकडो तळी आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, आहेत. तळे बहुतेक वेळा डोंगराच्या पायथ्याशी, त्याखाली धानाच्या बांध्या आणि वर जंगल. रस्ता या तिन्हींच्या सांध्यावरून जातो. म्हणून पन्नास किलोमीटरच्या एकाच फेरीत डोंगराची चढण, तळ्याची पाळ, कालव्याचा काठ आणि सपाट धानशेती असे सगळे लागते. महाराष्ट्रात सायकलचे देखणे रस्ते म्हटले की सह्याद्रीचे घाट आणि कोकणचा किनारा यांचीच नावे निघतात. पूर्व टोकाचा हा जिल्हा त्या यादीत क्वचितच येतो, आणि ही उणीव भरून काढण्यासारखी आहे.

1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा झाला. गोंदिया, गोरेगाव, तिरोडा, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव असे त्याचे आठ तालुके. उत्तरेचा भाग सपाट आहे, पूर्व आणि दक्षिणेकडे डोंगर वाढत जातात. गोंदिया शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 300 मीटर उंचीवर आहे आणि आसपासच्या टेकड्या त्याहून काही शे मीटरच वर जातात. त्यामुळे सह्याद्रीतल्यासारखी दहा-पंधरा किलोमीटरची सलग चढण इथे मिळत नाही. चढ येतात ते छोटे, जंगलातले आणि अचानक.

नद्यांच्या मधली ही तळी निसर्गाने दिलेली नाहीत. त्यांतली बरीचशी कोहळी समाजाने बांधली. गोंड राजांच्या काळात या समाजाला तळी बांधण्यासाठी इकडे आणले गेले आणि जो तळे बांधेल त्याला त्याखालची जमीन मिळेल अशी रीत होती, असे परंपरा सांगते. डोंगरावरून येणारा ओढा जिथे दोन टेकड्यांच्या मधून बाहेर पडतो, तिथेच मातीची पाळ घालायची, जादा पाणी जाण्यासाठी एका टोकाला सांडवा ठेवायचा आणि खालच्या बांध्यांना पाटाने पाणी द्यायचे, हे त्यामागचे तंत्र. पाळीची जागा निवडणाऱ्याला उताराची जाण किती बारीक होती, हे सायकलवरून फार चांगले कळते. पाळीकडे येताना पाय हलकेच जड होतात आणि पाळ ओलांडली की पायडल न मारता सायकल बांध्यांच्या बाजूला उतरते. मोटारीत बसलेल्या माणसाला हा उतार जाणवतही नाही. पुढे मालगुजारी पद्धतीत ही तळी मालगुजारांच्या ताब्यात गेली. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, तळी सरकारकडे आली आणि कागदोपत्री ती ‘माजी मालगुजारी तलाव’ झाली. गावांत आणि कचेऱ्यांत त्यांना थोडक्यात मामा तलाव म्हणतात.

जिल्ह्यातला सर्वांत चांगला रस्ता गोंदियाहून दक्षिणेला जातो: गोरेगाव, मुरदोली, कोहमारा आणि नवेगावबांध. गोरेगावपर्यंत वस्ती, राइस मिल आणि धानाचे ट्रॅक्टर यांची सोबत असते. गोरेगाव मागे पडल्यावर शेते आटोपतात आणि मुरदोलीचे जंगल सुरू होते. हा पट्टा नागझिरा आणि नवेगाव या दोन जंगलांना जोडणारा आहे. वाघ, बिबटे, रानगवे, अस्वले इथून इकडून तिकडे जातात आणि त्यांना हा रस्ता ओलांडावाच लागतो. ऑगस्ट 2023 मध्ये याच जंगलात मोटारीची धडक बसून एका वाघाचा मृत्यू झाला. सायकलने प्राण्याला असा धोका नाही, पण सायकलस्वाराला आहे. म्हणून मुरदोलीचा टप्पा सूर्य चांगला वर आल्यावर सुरू करावा आणि दिवस मावळण्याच्या आत संपवावा. पहाटे अंधारात निघून ऊन टाळण्याची सवय इतरत्र चांगली, इथे मात्र ती सोडून द्यावी.

कोहमारा हे चौफुलीचे गाव. मुंबई-कोलकाता महामार्ग, म्हणजे पूर्वीचा क्रमांक 6 आणि आताचा 53, इथे गोंदियाच्या रस्त्याला आडवा जातो. ट्रकवाल्यांमुळे चौकात चहा, पोहे आणि आलूबोंडा पहाटेपासून मिळतो. पाणी भरून घ्यायला ही जागा उत्तम, कारण पुढे नवेगावबांधपर्यंतच्या वीसेक किलोमीटरमध्ये दुकाने विरळ आहेत. चौक ओलांडला की ट्रकांचा आवाज मागे राहतो.

नवेगावबांधचे तळे कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधले असे मानले जाते. तळ्याभोवती डोंगरांची रांग आहे आणि लोक तिला सात बहिणींचे डोंगर म्हणतात. बांधणारा कोलू पाटील पुढे लोकांचा देव झाला, आणि कोलासूर या नावाने त्याची पूजा होते. तळ्याचा विस्तार सुमारे 11 चौरस किलोमीटर. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी मोठी लालसरी, तलवार बदक अशी पाणपाखरे इथे उतरतात. 1975 मध्ये नवेगावला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, त्याचे क्षेत्र सुमारे 134 चौरस किलोमीटर आहे. वनाधिकारी म्हणून इथे राहिलेल्या मारुती चितमपल्ली यांनी ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक लिहिले आणि विदर्भाबाहेरच्या वाचकांना हे तळे माहीत झाले. जंगल, तळे आणि तिथली माणसे यांच्याविषयी मराठीत एवढ्या जवळिकीने फार थोड्यांनी लिहिले आहे. चितमपल्लींना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये सोलापूरला त्यांचे निधन झाले.

तळ्याच्या काठाशी जरा थांबून पाण्यात काय उगवले आहे ते पाहावे. निरोगी तळ्यात पाण्याखाली, पाण्यावर आणि काठाशी वेगवेगळ्या वनस्पतींचे थर असतात. माशांची अंडी, पिल्ले आणि पाणपाखरांचे खाद्य सगळे त्यांवर अवलंबून असते. बऱ्याच मामा तलावांत गाळ साठला आणि काठावर बेशरमाची झुडपे माजली, तशी ही झाडोरा-व्यवस्था मोडली. अर्जुनी मोरगाव परिसरात ढिवर समाजाच्या मच्छीमारांनी, त्यांत बायकांनी मोठ्या संख्येने, बेशरम उपटून तळ्यांत मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम केले आहे. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते याचे ज्ञान त्यांच्याकडे होतेच. सायकलस्वाराला अशी तळी दुरूनही ओळखता येतात: एका तळ्यावर पाखरांची गर्दी असते आणि शेजारच्या, तेवढ्याच मोठ्या तळ्यावर एखादा बगळा.

नवेगावबांधहून अर्जुनी मोरगावकडे रस्ता जवळजवळ सपाट आहे, आणि पुढे तो वडसा, म्हणजे देसाईगंजकडे गडचिरोली जिल्ह्यात जातो. दिवाळीनंतर या रस्त्यावरच्या भिंतींवर झाडीपट्टीच्या नाटकांचे फलक चिकटलेले दिसतात. वडसा हे या रंगभूमीचे केंद्र, धानाची कापणी आटोपली की गावोगाव मंडप पडतात आणि नाटक रात्रभर चालते. अर्जुनीपासून एक फाटा गोठणगाव, प्रतापगड आणि इटियाडोहकडे वळतो. इटियाडोह धरण गाढवी नदीवर आहे आणि त्याचे पाणी जंगलाच्या कुशीत दूरवर शिरलेले आहे. प्रतापगडला डोंगरावर महादेवाचे स्थान आणि जवळच दर्गा आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेला दोन्हीकडे भाविक जातात. त्या दिवसांत मात्र हा रस्ता सायकलचा राहत नाही.

गोठणगावजवळ जंगलाच्या कडेला प्रार्थनेच्या रंगीत पताका फडफडताना दिसल्या की नोर्ग्येलिंग आले असे समजावे. तिबेटी निर्वासितांची ही वसाहत 1972 मध्ये वसली. महाराष्ट्रातली ही एकमेव तिबेटी वसाहत. ज्यांच्या आधीच्या पिढ्या झाड न उगवणाऱ्या उंच, कोरड्या पठारावर राहिल्या, त्यांना इथे सरासरी तेराशे मिलीमीटर पाऊस पडणाऱ्या दाट जंगलात धान पिकवायला शिकावे लागले. हिवाळ्यात वसाहतीतली अनेक कुटुंबे लोकरीचे कपडे विकायला दूरच्या शहरांत जातात, त्यामुळे सायकलच्या मोसमात गाव थोडे रिकामे वाटते. गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, मात्र उघडा असतो.

तशाच उंच, कोरड्या मुलखातले लडाखचे रस्ते हे भारतातल्या सायकलस्वारांचे मोठे आकर्षण आहे. मनाली ते लेह हा सुमारे पावणेपाचशे किलोमीटरचा रस्ता आधी नद्यांच्या खोल घळींतून चढतो, गाटा लूप्सच्या एकवीस वळणांवरून वर जातो आणि तांगलांग ला या 5,328 मीटरच्या खिंडीतून लडाखच्या थंड वाळवंटात उतरतो. पाच हजार मीटरवर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, आणि सपाटीवर सहज वाटणारा वेग तिथे दमछाक करतो. विदर्भातून दर वर्षी काही स्वार तिकडे जातात. उंचीची सवय गोंदियात करता येणार नाही, ती तिथे जाऊन, सावकाश चढूनच करावी लागते. पण दिवसचे दिवस खोगीरावर बसण्याची, ओझे लादलेली सायकल सांभाळण्याची आणि उघड्या रानात समोरून येणारा वारा सोसण्याची तयारी इथल्या रस्त्यांवर पुरेपूर होते. ताशी वीस किलोमीटरच्या पुढे स्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. वेग दुप्पट करायचा तर हवेसाठी लागणारी शक्ती सुमारे आठपट होते. धानाच्या बांध्यांत आडोसा नसतो, म्हणून सपाट दिसणारा आमगावचा रस्ता वाऱ्याच्या दिवशी नवेगावच्या जंगलरस्त्यापेक्षा जास्त थकवतो.

पश्चिमेची फेरी तिरोड्याकडची. तिरोड्याला औष्णिक वीज केंद्र असल्याने मुख्य रस्त्यावर जड वाहनांची वर्दळ असते. तेवढा टप्पा पार करून दक्षिणेला बोदलकसा आणि चोरखमाऱ्याकडे वळले की चित्र पालटते. ही दोन्ही तळी ब्रिटिश अमदानीत सिंचनासाठी बांधली गेली, आणि दोन्हींच्या पाठीशी नागझिऱ्याचे डोंगर आहेत. बोदलकशाच्या पाळीवर सकाळच्या उन्हात पाण्याचा रंग आधी शिसवी, मग हिरवा आणि नऊच्या सुमारास निळा होत जातो. चोरखमारा हे नागझिरा अभयारण्याचे एक प्रवेशद्वार आहे. 1970 मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे 153 चौरस किलोमीटरचे. डिसेंबर 2013 मध्ये नवेगाव, नागझिरा आणि लगतची अभयारण्ये मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. मे 2023 मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातून आणलेल्या दोन वाघिणी इथे सोडल्या गेल्या. अभयारण्यात वनविभागाच्या नियमांनी, वाटाड्या सोबत घेऊन सफारीच्या गाडीतूनच जायचे असते. सायकल फाटकाशीच थांबते, आणि ते योग्यच आहे. वाघ असलेल्या जंगलात आवाज न करता, वाकून, वेगाने जाणारी सायकल ही प्राण्याला दचकवणारी गोष्ट आहे.

उत्तरेकडचे रस्ते सपाट आहेत, आणि तिथे जायचे ते सारसासाठी. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सर्वांत उंच असलेला हा पक्षी महाराष्ट्रात आता जवळजवळ गोंदिया, भंडारा आणि चंद्रपूरपुरताच उरला आहे, आणि त्यांतही बहुतेक गोंदियात. गोंदिया तालुक्यातल्या परसवाडा आणि झिलमिलीसारख्या तळ्यांच्या आसपास, धानाच्या ओल्या बांध्यांत आणि नदीकाठी जोडीने चरणारे सारस दिसतात. पावसाळ्यात ते धानाच्या शेतातच गवता-काडीचे घरटे करतात. शेतकऱ्याने तेवढा तुकडा सोडून दिला तरच पिल्ले जगतात, आणि असे शेतकरी आहेत म्हणूनच सारस आहेत. विजेच्या तारा आणि शेतातली कीटकनाशके हे त्यांचे मोठे शत्रू. सारस दिसला तर सायकल रस्त्यावरच ठेवावी, बांधीत उतरू नये. रावणवाडीमार्गे रजेगावला बाघ ओलांडली की बालाघाट जिल्हा लागतो. पुलावरून हिवाळ्यात नदीचे वाळूचे पात्र आणि मधून वाहणारी पाण्याची अरुंद धार दिसते. पुढे ही नदी वैनगंगेला मिळते.

नदीची घळ, उभे कडे आणि घाट हवा असेल तर पूर्वेला जावे. गोंदियाहून आमगाव आणि सालेकसामार्गे दरेकसा सुमारे 50 किलोमीटर. आमगावपर्यंत वाटेत काही विशेष नाही. सालेकशानंतर डोंगर जवळ येऊ लागतात, भाषाही बदलते. पोवारी मागे पडते, गोंडी आणि छत्तीसगडी कानावर येते. दरेकशाला हावडा-मुंबई लोहमार्ग, रस्ता आणि ओढा तिघेही एकाच चिंचोळ्या दरीतून वाट काढतात. 1880 च्या दशकात हा लोहमार्ग घालताना इथे डोंगर पोखरून बोगदा करावा लागला, आणि जड मालगाड्यांना चढ चढवायला मागून जादा इंजिन लावण्याची पद्धत पडली. ज्या चढाला रेल्वेला मदतीचे इंजिन लागते त्या चढाचा अंदाज सायकलस्वाराने आधीच घ्यावा, आणि रस्त्याचा चढ तर रुळांपेक्षा नेहमीच तीव्र असतो. रुळांना किलोमीटरमागे दहा मीटरची चढण भारी पडते. रस्त्यावर तेवढ्याच अंतरात पन्नास-साठ मीटरही चढावे लागतात.

हाजरा फॉल दरेकसा स्थानकापासून जवळ आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतरचे दोन-तीन महिने तो भरून पडतो, उन्हाळ्यात नुसता खडक राहतो. ऑक्टोबर हा त्याचा सर्वांत चांगला महिना, कारण पाणी असते आणि रस्ता कोरडा झालेला असतो. दरेकशापासून थोड्या अंतरावर धनेगावजवळ कचारगडची गुहा आहे. गोंड समाजाच्या श्रद्धेनुसार काली कंकालीची मुले या गुहेत कोंडली गेली होती आणि पारी कुपार लिंगोने त्यांना मुक्त केले. माघ पौर्णिमेला मध्य भारतातल्या अनेक राज्यांतून गोंड भाविक इथे येतात, तेव्हा डोंगराखालचे मैदान माणसांनी भरून जाते. गुहेपर्यंत सायकल जात नाही, पायथ्याशी ठेवून चढावे लागते. गुहेच्या छताला एक मोठे भोक आहे, आणि दुपारी त्यातून उन्हाचा झोत खालच्या शिळांवर पडतो.

सालेकसा आणि देवरी हे तालुके दीर्घकाळ नक्षलप्रभावित राहिले. आडरस्त्यांवर सशस्त्र दूरक्षेत्रे, म्हणजे पोलिसांची चौकी-ठाणी, दिसतात. अनोळखी आतल्या रस्त्याला लागण्याआधी जवळच्या ठाण्यात नाव आणि मार्ग सांगून जावे. गावकऱ्यांना विचारले तर कोणता नाला पाण्याखाली आहे आणि कुठे अस्वल दिसले हेही कळते.

पूर्व आणि दक्षिणेचे रस्ते जोडून एक मोठी फेरी होते: गोंदिया, कोहमारा, देवरी, आमगाव आणि परत गोंदिया. ही सव्वाशे किलोमीटरच्या आसपास भरते. कोहमारा ते देवरी हा भाग महामार्गावरून आहे. मासूलकसा घाट याच टप्प्यात येतो. चढ फार मोठा नाही, पण उताराला ट्रक वेगात येतात आणि अपघातांसाठी तो कुप्रसिद्ध आहे. तिथे डाव्या कडेने, एकामागे एक असेच जावे. देवरीहून सिरपूर धरणाकडे वळता येते. बाघ नदीवरचे हे धरण, खालचे पुजारीटोला आणि कालीसरार यांच्या पाण्यावर दोन राज्यांतले धान पिकते. देवरी ते आमगाव हा मधला रस्ता फेरीतला सर्वांत शांत. या फेरीला नवेगावबांधची जाऊन-येऊन जोड दिली तर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर होतात. लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे प्रकारात 200 किलोमीटरला साडेतेरा तासांची मुदत असते, म्हणजे थांबे धरून ताशी पंधराचा वेग पुरतो. त्या सरावासाठी ही फेरी योग्य लांबीची आहे.

मोसम ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. डिसेंबर-जानेवारीत गोंदियाचे किमान तापमान अनेकदा दहा अंशांच्या खाली जाते आणि तळ्यांवर दाट धुके असते. मार्चमध्ये पळस फुलतो, मोहफुले वेचायला बायका-मुले पहाटेच जंगलात असतात, पण सागाची पाने गळल्यामुळे सावली उरत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि सायकल फक्त सकाळच्या दोन-तीन तासांपुरती राहते. कापणीच्या दिवसांत डांबरी रस्त्याच्या अर्ध्या भागावर धान वाळत घातलेले असते. त्यावर चाक घसरते आणि शेतकऱ्याचे नुकसान होते ते वेगळेच, म्हणून तिथे उतरून सायकल हाताने न्यावी.

अरुंद टायरची रेसिंग सायकल इथे चालते, पण 32 मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर बरे, कारण पाळींवरचे आणि कालव्याकाठचे रस्ते मुरमाचे आहेत. गावातल्या दुकानात साध्या सायकलच्या ट्यूब मिळतात आणि पंचरही निघते, गियरच्या सायकलचे सुटे भाग मात्र सोबत न्यावे लागतात. गोंदिया जंक्शन मुंबई-हावडा मार्गावर असल्याने सायकल पार्सलने आणता येते. गोंदियाहून सौंदड, अर्जुनी आणि वडसामार्गे चांदा फोर्टकडे जाणारा लोहमार्ग दक्षिणेच्या रस्त्याला समांतर आहे. चाक वाकले किंवा पाय थकले तर यांतल्या एखाद्या स्थानकावरून पॅसेंजर गाडीने गोंदियाला परतता येते.